नव्या आवृत्तीच्या ॲम्प्लिफायरची वाट बघून चौदा महिने झाले

काळी तबकडी
१४ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरी बाबांचा १९८४ सालचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आहे. देशी बनावटीचा, लाकडी पेटीतला, पुढं ॲल्युमिनियमची पट्टी आणि मोठी गोल बटणं. डिसेंबर २०२३ मध्ये तो घुमायला लागला. आधी नुसती बारीक गुणगुण होती. मग डावी बाजू मधेच गप्प व्हायला लागली, आवाज वाढवला की परत यायची. शेवटी मी तो बंद करून कपाटावर ठेवला आणि ठरवलं, आता एकदाच काय तो चांगला नवा घ्यायचा.

पुण्याला जाऊन तीन ॲम्प्लिफायर ऐकले. त्यातला एक मनात भरला. साठ वॉटचा, फोनो इनपुट (टर्नटेबल थेट जोडायची सोय) असलेला, आवाजात कुठं ओढाताण नाही. पैसे द्यायला निघाले तर दुकानदार म्हणाले, "ताई, थांबा जरा. याची सुधारित आवृत्ती येतेय, दोन-तीन महिन्यांत." थांबले. मग ती दिवाळीला येणार होती, मग नवीन वर्षात, आता म्हणतात एप्रिलपर्यंत. मधे पंचवीस हजार बुकिंगचे मागितले, ते मी दिले नाहीत. तोवर जुन्या आवृत्तीचा साठा संपला. म्हणजे जो ऐकून आवडला तोही आता हातात नाही. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला सल्ला हवाय, कुणावर राग काढायचा नाहीये.

खरी अडचण वेगळीच आहे. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्याकडं दोनशेच्या वर एलपी आहेत, निम्म्याहून जास्त जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकांच्या. मन्सूर, मोगूबाई, किशोरीताई. तरुणपणी इथल्या, कोल्हापूरच्या देवल क्लबातल्या बैठका ऐकून त्यांना हा नाद लागला. शाहू महाराजांनी या घराण्याच्या अल्लादियाँ खाँसाहेबांना ज्या गावात दरबारात ठेवलं, त्याच गावात आमच्या घरातल्या या तबकड्या चौदा महिने मुक्या आहेत. बाबा रोज काही म्हणत नाहीत. रविवारी संध्याकाळी तेवढं विचारतात, "आला का गं?"

सांगा, थांबू की मिळेल तो घेऊ? आणि नव्या आवृत्तीत नेमकं काय बदलतं?

माहिती: टर्नटेबल, सीडी प्लेअर. स्पीकर आठ ओहमचे, संवेदनशीलता ८७ डेसिबल. खोली बारा बाय चौदा, राजारामपुरी.

---

लेव्हल मीटर
१४ फेब्रुवारी, रात्री ११:२५

ताई, चौदा महिने थांबलात, आता दोन महिन्यांसाठी घाई करू नका. मी जाणारं मॉडेल घेतलं होतं आणि सहा आठवड्यांत पुढचं आलं. माझ्या ॲम्पमध्ये काही कमी नव्हतं, आजही नाही, पण दर वेळी चालू करताना तीच गोष्ट डोक्यात यायची. शेवटी वर्षभरात निम्म्या किमतीत विकला.

आपल्यासारख्या माणसाची ही खरेदी दहा-पंधरा वर्षांतून एकदा होते. नव्याच्या किमतीत नवंच घ्यावं. बुकिंगचे पैसे दिले नाहीत हे उत्तम केलंत. कंपनी भारतातली किंमत जाहीर करेपर्यंत कुणालाही आगाऊ रुपया देऊ नका.

---

ओहमचा नियम
१५ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

मूळचा कोल्हापूरचा, सध्या पुण्यात, इलेक्ट्रॉनिक्समध्ये वीस वर्षं गेली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, त्यातून पहिल्याचं निघेल.

ज्यांच्या दोन्ही आवृत्त्या बाजारात येऊन गेल्यात अशी उदाहरणं घेऊ. मरांट्झचा पीएम ६००६ हा २०१६ चा, पीएम ६००७ हा २०२० चा. दोघांची ताकद आठ ओहमवर ४५ वॉट. फोनो दोघांतही. बदलली ती डिजिटल बाजू, म्हणजे डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग): आधी सिरस लॉजिकची सीएस ४३९८ चिप होती, पुढच्यात असाही कासेईची एके ४४९० आली. केंब्रिज ऑडिओचा सीएक्सए ८१ आला २०१९ मध्ये, त्याची मार्क टू आवृत्ती २०२३ मध्ये. तेव्हाही ८० वॉट, आताही ८०. डॅकची चिप मात्र ईएसएसचीच पण वरच्या दर्जाची घातली. रेगाच्या एलेक्स-आर मध्ये डॅक नव्हताच. २०२३ च्या एलेक्स मार्क फोरमध्ये तो बसवला, आणि ताकद पुन्हा बहात्तर वॉटच्या आसपासच राहिली.

स्पीकर हलवणारा जो भाग आहे त्याचं शास्त्र कधीच पक्कं झालंय, त्यामुळं तो चार वर्षांत फारसा बदलत नाही. सॉकेट, ब्लूटूथ, चिप या गोष्टी बदलतात, कारण त्या लवकर जुन्या होतात किंवा मिळेनाशा होतात. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथल्या असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली. ती आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्यानंतर या चिप मिळेनात म्हणून कितीतरी कंपन्यांना दुसरी चिप घेऊन बोर्ड नव्यानं आखावा लागला. म्हणजे खोक्यावर 'सुधारित' लिहिलेलं असलं तरी आतला बदल कधी कधी नाइलाजाचा असतो.

आता तुमच्या घरात सिग्नल कुठल्या वाटेनं जातो ते बघा. सुईकडून चार-पाच मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. फोनो विभाग तो मोठा करतो आणि आरआयएए वक्रानुसार खर्ज-तार जागेवर आणतो. मग प्रीॲम्प, मग पॉवरचा भाग, मग स्पीकर. या वाटेवर डॅक कुठंच लागत नाही. सीडी प्लेअरमध्ये तर त्याचा स्वतःचा डॅक असतोच. त्यामुळं नव्या चिपसाठी तुम्ही थांबला असाल तर बाबांच्या एलपींना तिचा उपयोग शून्य. एक अपवाद आहे. काही नवे ॲम्प फोनोचा सिग्नलसुद्धा आत घेतल्यावर डिजिटल करतात. तसं आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.

ताकदीचंही सांगतो. ८७ डेसिबलच्या स्पीकरला एक वॉट दिला तर मीटरभर अंतरावर ८७ डेसिबल आवाज होतो, आणि ख्याल ऐकायला एवढा खूप झाला. वॉट दुप्पट केले की तीनच डेसिबल वाढतात. साठाचे ऐंशी झाले तर सव्वा डेसिबल, तोही पूर्ण पिळल्यावर. १९७८ चा नॅड ३०२० कागदावर फक्त वीस वॉटचा होता आणि तो आजही लोक जपून वापरतात.

जाता जाता: सुई शेवटची कधी बदलली?

---

शाहूपुरी तिसरी गल्ली
१५ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

वरचं सगळं पटलं. मी फक्त कोल्हापूरच्या हवेचं सांगतो.

२०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. स्पीकर फुगून फुटले, ॲम्पमध्ये गाळ. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, पण तोवर सगळं वर हलवलं होतं. तुम्ही राजारामपुरीत, उंचावर, तुम्हाला ती भीती नाही. पावसाळ्यातली ओल मात्र सगळीकडं सारखीच. जून ते सप्टेंबर ॲम्प बंद पडून राहिला तर बटणांच्या आत, सॉकेटवर काळा थर धरतो आणि मग खरखर सुरू होते. नवा घ्या नाहीतर जुना ठेवा, आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवत जा. स्वतःच्या उबेनं तो कोरडा राहतो.

अजून एक. कुणी जपानहून स्वस्तात आणून देतो म्हणाला तर आधी मागची पाटी बघा. तिकडचे १०० व्होल्टचे असतात. आपल्या २३० वर थेट लावला तर त्याच क्षणी खेळ संपला. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि कंपनीची इथली वॉरंटीही मिळत नाही.

---

मिरजेचा तंबोरा
१५ फेब्रुवारी, दुपारी १:३०

'ओहमचा नियम' यांचं गणित बरोबर आहे, पण गणित सारखं असलेले दोन ॲम्प ऐकायला सारखे असतातच असं नाही. आमच्या घरात तंतुवाद्यं बनवायचं काम पिढीजात आहे, त्यामुळं मला तंबोरा ऐकायची खोड आहे. तोच तुमचा मापदंड ठेवा.

घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आम्ही जवारी लावतो. दोरा केसभर पुढं-मागं झाला तरी तार उघडते किंवा बसते. चांगल्या ध्वनिमुद्रणात हे सगळं असतं. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक कसे उमलतात आणि ते विरेपर्यंत मागं कसे रेंगाळतात, एवढंच ऐका. वाईट ॲम्पवर तंबोऱ्याची माशी होते, नुसती भुणभुण. गायक गप्प असताना, अगदी हळू आवाजात ऐका. मोठ्या आवाजात सगळेच ॲम्प बरे वाटतात.

याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली हे सगळे सांगतात. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची तबकडी आहे, जुन्या काळची, खरखर असलेली, आणि तरी तो आवाज समोर उभा राहतो. ध्वनी स्वच्छ असण्याआधी जिवंत असावा लागतो असं मला वाटतं.

बाबांना आमचा नमस्कार सांगा.

---

उद्यमनगरी
१५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

ताई, नव्याचं कायबी ठरवा, पण कपाटावर ठेवलेला जुना आधी खाली काढा.

दोनच गोष्टी सांगा. एक, गुणगुण व्हॉल्यूम कमी-जास्त केल्यावर बदलत होती का तेवढीच राहत होती? दोन, डावी बाजू गेल्यावर हेडफोन लावून बघितला होता का? त्यात दोन्ही बाजू येत होत्या का?

नवा येईल तवा येईल. तोवर घरात गाणं बंद का? चौदा महिने थांबायला हरकत न्हाई, गाणं ऐकत थांबायचं. मी उद्यमनगरात हाय. गणपतीच्या आधी डॉल्बीवाल्यांचे ॲम्प्लिफायर इतके येतात की जेवायला फुरसत नसते, पण आत्ता हात मोकळा हाय.

---

काळी तबकडी
१६ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. जवारीचं ऐकून ते उठून बसले आणि मिरजेला स्वतः तंबोरा आणायला गेले होते ती सगळी गोष्ट त्यांनी सांगितली.

उद्यमनगरी दादा, गुणगुण व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढीच होती. वाढवल्यावर वाढत नव्हती. हेडफोनचं मला आठवत नव्हतं, पण बाबा म्हणाले की त्यांनी एकदा लावला होता आणि त्यात दोन्हीकडून ऐकू येत होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

ओहमचा नियम सर, सुई कधी बदलली ते खरंच माहीत नाही. शोधून सांगते.

---

उद्यमनगरी
१६ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

मग जीव हाय त्याच्यात.

व्हॉल्यूमबरोबर न बदलणारी गुणगुण म्हणजे बहुतेक पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर सुकलेत. आपली वीज ५० हर्ट्झची. डायोडच्या पुढं गेली की तिचे १०० होतात आणि कंडेन्सर कमजोर झाला की ते स्पीकरात उतरतात. अर्थिंगची भानगड असती तर ५० ची, जाड, खालची गुणगुण आली असती. डाव्या बाजूचं तर सोपं हाय. हेडफोनात येतंय म्हणजे आतलं सर्किट ठीक हाय. पाठीमागं स्पीकर ए-बी निवडायचं बटण असंल, त्याच्या पट्ट्या काळ्या पडल्यात. आवाज वाढवला की जास्त करंट त्या थरातून वाट काढतो, म्हणून परत येतो.

घेऊन या. येताना चालू करून बघू नका, हलवून बघू नका. तसाच आणा.

---

लेव्हल मीटर
१६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

माझा विरोध नाही, पण चाळीस वर्षांच्या यंत्रात पैसे घालताना मर्यादा ठरवून घाला. मी ओळखीच्या एकाचं बघितलंय. आज कंडेन्सर, उद्या ट्रान्झिस्टर, परवा ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग, असं करत नव्या ॲम्पचे पैसे गेले आणि ॲम्प तोच राहिला. आधीच आकडा ठरवा, त्याच्या वर गेलं तर थांबा.

---

ओहमचा नियम
१६ फेब्रुवारी, दुपारी १२:५५

लेव्हल मीटर यांच्याशी सहमत. फक्त वाइंडिंग जळालं नसेल तर काम मोठं नाही. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर हा त्या पेटीतला म्हातारा होणारा मुख्य भाग. तापमान दहा अंशांनी कमी असलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून वरती हवा खेळायला जागा सोडायची. त्यावर पुस्तकं किंवा फुलदाणी ठेवणाऱ्यांना मी आजवर कितीदा सांगितलंय.

---

काळी तबकडी
२३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

आज रविवार. सविस्तर लिहिते, कारण हे इथं लिहून ठेवलं नाही तर अर्धं विसरेन.

मंगळवारी ॲम्प उद्यमनगरात नेला. बाबांना नको म्हटलं तरी ते आले. दादांनी पेटी उघडली तर आत बोटभर धूळ आणि एक वाळलेली पाल. पॉवर सप्लायचे दोन्ही कंडेन्सर वरून फुगलेले होते. ४७०० मायक्रोफॅरॅड, ५० व्होल्ट असं वर लिहिलेलं. मीटर लावला तर एकात निम्मीही क्षमता उरली नव्हती. दादांनी जाग्यावरच ६३ व्होल्टचे घातले आणि सांगितलं, व्होल्ट जास्त चालतात, कमी कधीच नाही. नवे कंडेन्सर उंचीला जुन्याच्या निम्मे आहेत, त्यामुळं जुन्या पकडीत बसेनात. मग पत्र्याची पट्टी वाकवून त्यांनी नवी पकड केली.

मला वाटलं होतं आता प्लग लावून बघतील. तसं नाही केलं. आधी सिरीज बोर्डवर, मधे बल्ब टाकून चालू केला. बल्ब क्षणभर लखलखला आणि मंद झाला. दादा म्हणाले, आत शॉर्ट असता तर तो तसाच पेटून राहिला असता आणि ॲम्प वाचला असता. मग स्पीकरच्या टोकांवर मीटर धरून डीसी मोजला: डावीकडं १८ मिलिव्होल्ट, उजवीकडं २२. इतका कमी असणं चांगलं असतं म्हणे.

ट्रान्झिस्टर मूळचेच आहेत, २एन३०५५. मी विचारलं, तेही बदलायचे का? दादांनी ठाम नाही म्हटलं. चालणारे काढून नवे घालायचे आणि नवे नकली निघायचे, त्यापेक्षा हेच बरे. त्याऐवजी त्यांनी ट्रान्झिस्टरचा बायस, म्हणजे गाणं नसतानाही त्यांच्यातून वाहणारा थोडा करंट, नीट लावला. तो फार खाली घसरला होता. हे सांगताना त्यांना मिरजेच्या काकांच्या पोस्टची आठवण झाली. बायस कमी असला की वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर एकमेकांच्या हातात सूर देताना मधे खाच पडते, आणि ती खाच हळू आवाजातच जास्त टोचते. तंबोऱ्याची माशी होते ती तिथं.

बटणाच्या पट्ट्या साफ केल्या, व्हॉल्यूमचा पॉट क्लीनरनं धुतला, तीन ठिकाणी ड्राय सोल्डर निघालं तिथं टाके मारले. बिल झालं २,८५० रुपये. मी दहा हजारांची मर्यादा ठरवली होती.

घरी आणला आणि लगेच लावायला गेले तर बाबा म्हणाले, "आज नको. रविवारी." पाच दिवस नुसता टेबलावर होता. रोज सकाळी ते जाऊन त्याची पट्टी पुसत होते.

आज साडेपाचला लावला. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावला. काही नाही. शांतता. मग मन्सूरांची एलपी. सुरुवातीचा तंबोरा आला आणि बाबांनी हात वर केला, म्हणजे कुणी बोलायचं नाही. पूर्ण बाजू संपेपर्यंत ते हलले नाहीत. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती, तिला मागं वळून बघायचंही भान नव्हतं की कढई गॅसवर आहे.

चौदा महिने. २,८५० रुपयांचं काम होतं. मला याचं फार वाईट वाटतंय, ते इथंच लिहिते, घरी बोलणार नाही.

---

मिरजेचा तंबोरा
२४ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

वाईट वाटून घेऊ नका, बाळ. तुम्ही बाबांसाठी उत्तम तेच आणायला निघाला होता. वाचून डोळे भरून आले.

---

शाहूपुरी तिसरी गल्ली
२४ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

माझ्याकडं पुरातला ॲम्प अजून माळ्यावर आहे. गाळ धुऊन वाळवला होता, पुढं काही केलं नाही. उद्यमनगरी, दाखवू का?

---

उद्यमनगरी
२४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आणा. पाण्यातला म्हणजे ट्रान्सफॉर्मर आधी मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) बघायला लागंल, ओल आत असली तर वाइंडिंग पुन्हा करावं लागतं. आमच्या शेजारीच मोटारी भरणारे हाईत, ते करतात. जमंल न जमंल ते बघून सांगतो, न बघता पैसे सांगत न्हाई.

ताई, सहा महिन्यांनी एकदा आणून दाखवा. बाकीचे छोटे कंडेन्सर पण त्याच वयाचे हाईत. आत्ता ठीक मोजले म्हणून हात लावला न्हाई.

---

काळी तबकडी
२ मे २०२५, रात्री १०:१०

बऱ्याच दिवसांनी येतेय. नवी आवृत्ती आली. खरंच आली. मागच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला आणि शनिवारी मी आणि बाबा जाऊन ऐकून आलो.

ओहमचा नियम सरांनी सांगितलं होतं तसंच निघालं. चिप नवी, टीव्हीसाठी एचडीएमआय सॉकेट नवा, ताकद तीच साठ वॉट. फोनो विभाग आधीचाच आहे आणि सिग्नल डिजिटल करत नाहीत, हे मी विचारून घेतलं. किंमत आधीपेक्षा बरीच वाढली आहे.

आम्ही जुना ॲम्प आणि आमचा टर्नटेबल चादरीत गुंडाळून गाडीतून बरोबर नेले होते. दुकानातल्या मुलानं अजिबात नाक न मुरडता ते लावून दिले. आवाज मीटरवर मोजून दोन्हीकडं सारखा केला, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. सीडीवर नवा सरस आहे, यात शंका नाही. तबल्याचा बायाँ घुमून लगेच आवरतो, आमच्याकडं तो थोडा पसरतो. एलपीवर मात्र आम्हा दोघांनाही फरक सांगता येईना. दोन्हींवर वरच्या सुरात एक बारीक चिरक होती.

तेव्हा त्या मुलानं विचारलं, "सुई कधी बदललीय?" (सर, मी तुम्हाला शोधून सांगते म्हणाले होते आणि विसरले. माफ करा.) त्यानं भिंगाखाली धरली आणि मला दाखवली. टोक एका बाजूनं झिजून सपाट झालंय. अशा सुया साधारण पाचशे ते हजार तास चालतात. आमची बाबांच्या हिशोबानं किमान बारा वर्षांची. झिजलेली सुई नुसती वाईट वाजत नाही, ती तबकडीची खाच कायमची खरवडते. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा उतरला. तिथल्या तिथं नवी सुई घेतली.

ॲम्प घेतला नाही. घेणारच नाही असं नाही. स्पीकर बदलायची वेळ आली की बघू, तोवर किंमतही थोडी खाली येईल. लेव्हल मीटर, तुम्ही नवंच घ्या म्हणाला होता, ते चुकीचं नव्हतं. तो ॲम्प चांगलाच आहे. आमच्या घरात आत्ता त्याच्यासाठी काम नाही, एवढंच.

---

लेव्हल मीटर
२ मे, रात्री १०:३५

समजलं ताई. मी आजच माझी सुई बघतो.

---

ओहमचा नियम
३ मे, सकाळी ७:३०

माफी कसली. नवी सुई बसवल्यावर वजन (सुई तबकडीवर किती दाबानं टेकते ते) पुन्हा लावलंत ना? तिच्या कागदावर ग्रॅम दिलेले असतात तेवढंच. आणि आधी नेहमीची एखादी एलपी दहा-बारा तास वाजवा, मग बाबांच्या जिवाभावाच्या काढा.

---

काळी तबकडी
३ मे, सकाळी ८:०५

वजन लावलं, दोन ग्रॅम. चिरक गेली.

दहा-बारा तासांचं बाबांना सांगितलं, पण ते ऐकायला तयार नाहीत. उद्या रविवार आहे आणि त्यांनी मोगूबाईंची काढून ठेवलीय. उद्यमनगरी दादा, तुम्हाला मुद्दाम बोलवायला सांगितलंय त्यांनी. साडेपाचला या, वहिनींनाही आणा. गाडी कोपऱ्यावरच लावा, गल्लीत रस्त्याचं काम चालू आहे.

---

उद्यमनगरी
३ मे, सकाळी ८:२०

येतो. मीटर घेऊन येतो, गरम झाल्यावर बायस किती राहतोय ते पण बघून घेऊ.